भिंतीकडे वळवलेली खाट

हमरस्त्यालगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रकच्या मागच्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, बदलून देणारी एक बाई होती. सगळे तिला कमानबाई म्हणत. काम मुळात तिच्या नवऱ्याचं. त्याला उस्ताद म्हणत, आणि हाताने तो खरोखरच उस्ताद होता. जिभेला आणि मनगटाला मात्र लगाम नव्हता. तिने चुकीचा पाना पुढे केला की तोच पाना तिच्या पाठीत बसे. एकदा ठोकळे न लावता, नुसत्या जॅकवर विसंबून तो गाडीखाली शिरला. जॅक सटकला आणि चाकांना जोडणारा धुरा कमरेवर आला. तिनेच ओरडून माणसं गोळा केली, त्याला ओढून बाहेर काढलं. जीव वाचला, कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

मग पाना तिच्या हाती आला. बघून बघून ती शिकली होती, त्याहून जास्त मार खाऊन. घरी एकट्याला कोण बघणार म्हणून त्याची खाट तिने शेडमध्येच टाकली. खाट बुटकी, त्यामुळे पडल्या पडल्या त्याची नजर थेट गाडीच्या पोटाखाली जाई. तिथून दिवसभर तोंडाचा पट्टा चालू.

"पाळणा हलवतेस का? हातोडा आहे तो!"

गिऱ्हाईकं फिदीफिदी हसत. ती मुकाट काम करी. मधूनच विचारी, "अहो, पाणी हवंय का?" पाणी पिऊन झालं की पट्टा पुन्हा सुरू.

एका दुपारी खडी वाहणारा ट्रक आला. रिकामाच होता, तरी मागून एका अंगाला कललेला. ड्रायव्हर घाईत होता. दोन पाटे तुटलेले तर त्यालाही दिसत होते. तिने रॉकेलच्या फडक्याने चिखल पुसला, तेव्हा ज्या आधारात कमान अडकते त्यालाही केसाएवढी चीर दिसली.

"भाऊ, हा आधारही बदलावा लागेल."

"वेल्डिंग मारा ना ताई. निघायचंय मला."

"तुमच्या मागून जे येतात, त्यांनाही घरी जायचं असतं."

खाटेवरून आवाज आला, "अरे, वेल्डिंग तिला जमत नाही म्हणून सांगतेय! ठिणगी उडाली की डोळे मिटते आमची मर्दानी."

बाकावर बसलेले दोघे-तिघे खो खो हसले. तिने कानाआड केलं. ट्रक उचलला, चासीखाली ठोकळे रचले, चाकं काढली. गंजलेले रिव्हेट छाटता छाटता दंड भरून आले. नवा आधार बसवला, पाटे एकावर एक रचले, त्यांना एकत्र धरणारा मधला बोल्ट आवळला, कमान धुऱ्यावर टेकवली. हे सगळं चालू असताना तो एकेक टोमणा मारत होता. आणि मग एकदम गप्प झाला.

तिला वाटलं, डोळा लागला असेल. तिने यू-बोल्ट चढवले आणि लांब पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकत एकेक नट आवळला. शेवटचा नट बसला, ती घाम पुसत उभी राहिली, तेव्हा तो हसला. चांगला पोट धरून हसला.

"आता उघड सगळं! मधल्या बोल्टचं डोकं धुऱ्याच्या भोकात बसलंच नाही. काठावर बसलंय. मघापासून बघतोय मी!"

ती वाकली. खरंच होतं. कमान आणि धुऱ्यामध्ये नख जाईल एवढी फट होती. असा ट्रक भरून गेला असता, तर धुरा जागचा सरकला असता.

ड्रायव्हरचं तोंड उतरलं. "उस्ताद, तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

"मग! माझी नजर आहे ती."

"आणि मी तसाच निघालो असतो तर?"

"तर तिचं नाव गेलं असतं. माझं काय जातंय?"

या वेळी बाकावरचं कुणी हसलं नाही.

तिने सगळे नट सोडले, कमान उचलली, बोल्टचं डोकं भोकात बसवून पुन्हा सगळं आवळलं. ड्रायव्हरला एक चक्कर मारून यायला सांगितलं, तो आल्यावर पुन्हा नट तपासले. ट्रक गेला. तिने हात धुतले आणि उस्तादची खाट ओढत ओढत कोपऱ्यात नेली. कमरेखालचा भार ओढून कूस त्याला स्वतःहून बदलता येत नव्हती. तिने त्याला नीट उशी दिली, अंगावर चादर घातली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"ए! हे काय? मला काही दिसत नाहीये!"

ती पाने आवरत होती.

त्यानंतर त्याचं खाणंपिणं, अंघोळ, औषध काही चुकलं नाही. अंगाला जखम होऊ नये म्हणून ती त्याची कूस बदलत असे. मग खाटही फिरवी, म्हणजे तोंड पुन्हा भिंतीकडेच. बोलली मात्र एक अक्षर नाही. आधी त्याने शिव्या दिल्या, मग ताट आपटलं, मग रडला. नंतर कान देऊन ऐकायला लागला. एकदा म्हणाला, "उजवीकडचा नट ढिला राहिलाय. आवाज बद्द येतोय." तिने बघितलं. ढिला होता. तिने आवळला.

"होता ना ढिला? सांग ना गं, होता ना?"

तिने पुढचा पाटा उचलला.

नणंद भेटायला आली, ते बघून हबकली. "वहिनी, कुत्र्यालासुद्धा दाराकडे तोंड करून बांधतात गं!"

"कुत्रा भुंकून सावध तरी करतो, वन्सं."

नणंद पदराने डोळे पुसत गेली. जाताना तिने भावाची खाट फिरवली होती. कमानबाईने ती पुन्हा होती तशी केली.

अशी काही वर्षं गेली. तो बोलेनासा झाला. नव्या गिऱ्हाइकांना तर कोपऱ्यात माणूस आहे हेही कळत नसे. एकदा ती जेवणाचं ताट ठेवायला गेली, तर तो थंड पडला होता. तिने चादर डोक्यावरून ओढली. बाहेर ट्रक ठोकळ्यांवर होता, ड्रायव्हर बाकावर बसून होता. तिने जाऊन उरलेले नट आवळले, ट्रक खाली उतरवला आणि मगच सांगितलं. तिला रडू आलं नाही. हायसंही वाटलं नाही. तिची तिलाच भीती वाटली, पण तीही थोडा वेळच.

नणंद धावत आली. भावाच्या पायांवर डोकं ठेवून हंबरडा फोडला आणि मग विचारलं, "वहिनी, शेवटी काही बोलला का गं तो?"

"बोलले असतील," कमानबाई म्हणाली. "माझा हातोडा चालू होता."