दत्तूचा लुकलुकणारा दिवा

मंडळी, आज दुपारी दत्तूकडं गेलो होतो. खरं सांगू? त्याचा तो दिवा बंद पडलाय का, एवढंच बघायचं होतं.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या गणपतीची लायटिंग मी करायचो. पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेला लाकडी रूळ मोटरवर खडखडत फिरायचा, तशी दिव्यांची उघडझाप व्हायची. पलीकडच्या मंडळातल्या दत्तूनं मुंबईहून नखाएवढी टायमर चिप आणली. वीज साठवणारा कपॅसिटर हळूहळू भरायचा. ठरावीक पातळीला पोचला की चिप त्यातली वीज सोडून द्यायची, मग पुन्हा भरू द्यायची. त्याच तालावर दिवा लागायचा, विझायचा. ना रूळ, ना खडखड!

आमची सगळी गर्दी तिकडं वळली. तिच्यात सगळ्यात पुढं कोण, तर माझेच वडील. तो रूळ दत्तूच्या डोक्यात घालावासा वाटला होता.

आज बघतो तर तोच दिवा त्याच्या देव्हाऱ्यापाशी लुकलुकतोय. माझं तोंड बघून दत्तू म्हणाला, "लई आवडतोय की तुला. जा घेऊन."

आता तो माझ्या टेबलावर चालू आहे. वडील असते तर म्हणाले असते, "दत्तूचं मन बी मोठं हाय की!"

सांगा, अशा माणसावर जळायचं तरी कसं?