सरकलेला खडक

लग्न होऊन बरेच दिवस झाले, तरी बाबा माझ्या नवऱ्याला जावई म्हणत नव्हते. तो लातूरकडचा, त्यात काटे काढून दिल्याशिवाय मासा न खाणारा. बोईसरच्या कारखान्यात संगणकावर बसतो म्हणून सातपाटीच्या आमच्या घरात त्याचं नाव "तो बोईसरवाला". मर्जी राखायला पठ्ठ्याने बाबांच्या फोनसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. समुद्रात ज्या खडकाशी बाबांना हमखास वाम मासळी मिळते, त्याची जागा त्यात साठवायची. उघडा, बघा, "जतन करा" दाबा.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या आणि आईने फोन ताब्यात घेतला. रोज दिवा लावून झाला की ती खडक उघडायची आणि भक्तिभावाने "जतन करा" दाबायची. समुद्र खवळलेला, आपला खडक जागेवर राहू दे! मला हसू यायचं, पण तिला सांगणार कोण?

नारळी पौर्णिमेनंतर बाबा शेजाऱ्यांना घेऊन फोनच्या भरवशावर निघाले. फोन म्हणाला, हाच खडक. खाली नुसता चिखल. रिकामे गळ घेऊन परतल्यावर बंदरावर चेष्टेला ऊत आला. एकाने बोईसरवाल्याचा विषय काढला, तसे बाबा कडाडले, "आमचा जावई चुकनार नाय! पावसात खडकच सरकला आसंल."

आमचा जावई! मी घरात जाऊन चक्क रडले.

नवऱ्याने रात्रीचं जेवण सोडून प्रोग्रॅम तपासला. जागा दाखवायची एका मापात, साठवायची दुसऱ्यात. दर वेळी जतन करताना माप बदललं की दशांशचिन्हानंतरचे शेवटचे आकडे गळायचे आणि पुढचं गणित त्या उरलेल्या आकड्यांवरच व्हायचं. माशाची शेपटी रोज थोडी कापावी, तसं. आईच्या भक्तीने खडक पावसाळाभर हळूहळू खोल समुद्राकडे निघाला होता.

"म्हंजी मीच ढकलला?" आई कपाळाला हात लावून म्हणाली.

माझा नवरा सरळ माणूस. सकाळी बाबांसमोर जाऊन उभा राहिला. "बाबा, खडक होता तिथेच आहे. माझा प्रोग्रॅम चुकला."

बाबा जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "खडक कदी सरकतो काय? मना ठाव हाय. पन जावई, बंदरावर तू गप ऱ्हा."