पाचव्या मजल्यावरची मुलाखत

तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करून मिस्त्रींनी पाचव्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःची लिफ्ट दुरुस्तीची कंपनी काढली, आणि पहिला माणूस नेमायच्या दिवशीच इमारतीची लिफ्ट बंद पडली. बायकोने कपाळावर हात मारून घेतला.

सात उमेदवार धापा टाकत जिना चढून आले. प्रमाणपत्रं चकाचक, पण लिफ्टला काय झालंय, हे एकाही पठ्ठ्याने विचारलं नाही. आठवी उमेदवार, एक मुलगी, तासभर उशिरा आली, पण लिफ्टने आली. हात काळेकुट्ट.

"दाराची वायर सुटली होती, काका. वॉचमनकडून चावी घेतली आणि जोडली."

"उद्यापासून ये," मिस्त्री म्हणाले आणि बायकोकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. "ती वायर सकाळी मीच सोडवली होती!"