हळदीतली मोकळी जागा

एका घरातल्या थोरल्या मुलीच्या हळदीला मीच डीजे होतो, म्हणून धाकटीच्या वेळीही त्या घराने मलाच बोलावलं. मी जुनीच यादी लावली. मधल्या काळात मुलींचे वडील गेले, हे मला ठाऊक होतं. त्यांचं आवडतं गाणं यादीत आहे, हे मात्र विसरलो.

ते वाजलं आणि नाचणारे सगळे आपसूक मागे सरले. मधोमध जागा मोकळी झाली, थोरलीच्या हळदीत वडील नाचले होते तेवढीच. मी घाईने आवाज कमी केला. हळदीच्या हातांनी मुलींची आई माझ्यापाशी आली.

"राहू दे दादा, पूर्ण वाजव."

माझ्या लॅपटॉपमध्ये गाणी जशीच्या तशी राहतात; नाचणारी माणसं तेवढी कमी होत जातात.

गाणं संपेपर्यंत ती त्या मोकळ्या जागेकडे बघत टाळ्यांनी ठेका धरून उभी होती.