चुलीवरची खुंटी

समजा, तुमच्या हातात एक इलेक्ट्रिक गिटार आहे आणि तिची जाडी तार छेडली की खरखर होते, डब्यात वाळू हलवावी तशी. काय कराल? ती तार मानेवरच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या पट्टीवर, एका हातानं दाबा, शेवटच्या पडद्यावर दुसऱ्या हातानं, आणि मधोमध डोळा लावून बघा. तार आणि पडदा यांच्यात पोस्टकार्ड सरकेल एवढी फट हवी. फट नसेल तर गिटारीची मान मागं कलली आहे. मानेच्या पोटात लोखंडी सळई असते, ती पान्यानं जराशी सैल करा. तारा मानेला पुढं ओढतील आणि खरखर जाईल.

बिदरजवळच्या कमठाण्याच्या चन्नय्यानं हे कितीदा केलं, त्याला गणती नाही. खरखर जायची. मग परत यायची.

त्याचे वडील जंगम. तंबोरीवर शरणांची वचनं म्हणत गावोगाव फिरायचे. घरी आले की तंबोरी चुलीवरच्या खुंटीला. धुरानं किडा लागत नाही, ही त्या घराची रीत. ते गेल्यावरही तंबोरी तिथंच राहिली. पुढं चन्नय्या बिदरच्या राघोबांच्या ऑर्केस्ट्रात लागला, हैदराबादहून जुनी गिटार घेऊन आला. त्याच्या आईनं, मल्लम्मानं, तंबोरीशेजारी आणखी एक खुंटी ठोकली.

“अव्वा, ही कामून हितं?”

“तुझ्या अप्पाची हितंच होती. तिला काय झालं का?”

तंबोरीला खरंच काही झालं नव्हतं.

लग्नसराईत गिटार चार गावं फिरली की मान पुढं झुकायची, तारा उंच व्हायच्या, बोटं सोलून निघायची. चन्नय्या सळई आवळायचा. घरी थोडे दिवस गेले की पुन्हा खरखर. मग पुन्हा सैल. त्यानं तारा बदलल्या, पडदे घासले. शेवटी लाकूडच खोटं, असं त्याच्या मनानं घेतलं. जनवाड्याच्या एका लग्नात राघोबा भर मांडवात ओरडले, “चन्न्या, गिटार वाजवायलास का ज्वारी पाखडायलास?” वऱ्हाडी हसले. चन्नय्याही हसला, पण त्या रात्री जेवला नाही.

८५ च्या पावसाळ्यात गुलबर्ग्याच्या एका मोठ्या ऑर्केस्ट्राला गिटारवाला हवा होता. महिन्याचा पगार, राहायला खोली. राघोबांनीच निरोप आणला. म्हणाले, “जा बाबा, माझ्याकडं काय, चार महिने लग्नं आणि आठ महिने माशा. पण आधी ती खरखर घालव.”

चन्नय्यानं बिदरला बसून गिटार लावली. तार घंटेसारखी बोलायला लागली. घरी आणून त्यानं ती मुद्दाम ओसरीत टांगली. शेतावरून परतला तर ती चुलीवर.

“ओसरीत झड येती. ओल लागंल तिला,” मल्लम्मा म्हणाली.

आईशी काय वाद घालायचा? गिटार चुलीवरच राहिली. आठवडाभर घरीच सराव केला, पण पत्र्यावर पाऊस असा वाजत होता की तारेचं नीट ऐकू येत नव्हतं.

गुलबर्ग्याला पहिल्याच गाण्यात जाड्या तारेनं घात केला. पाना खिशात होता. त्यानं सळई पार सैल केली, पण लाकूड लगेच वळत नाही, त्याला वेळ लागतो. मालक भला माणूस. त्यानं चहा पाजला आणि दुसऱ्याला घेतलं.

घरी आईनं विचारलं, “झालं का?”

“न्हाई.”

“बरं झालं,” ती म्हणाली आणि ताटात भाकरी वाढली. “गरम हाय तवर खा.”

पुढच्या पावसाळ्यात मल्लम्मा गेली. शेजारची ईरम्मा भाकरी आणून द्यायची, चूल थंडच. असेच काही दिवस गेल्यावर चन्नय्यानं गिटार खाली काढली, धूळ पुसली, सहज तार छेडली. तारा जरा उंच होत्या, पण आवाज स्वच्छ. त्यानं पोस्टकार्ड घालून पाहिलं. सरळ आत गेलं. आई गेली तेव्हा ती खरखरत होती, आणि त्यानंतर सळईला त्यानं हात लावला नव्हता. मग त्याची नजर वर खुंटीकडं गेली आणि खाली राखेकडं. भोपळ्याच्या तंबोरीनं जी धग सोसली, तिनं ही मान रोज वाळून मागं कलत होती.

ईरम्मा आली तेव्हा त्यानं विचारलं, “मावशी, धगीनं ही बिघडती, हे अव्वाला ठाऊक होतं का?”

“तिला काय ठाऊक, बाबा? तंबोरी बिघडली न्हाई, मग ही कशी बिघडंल, म्हणायची.” भांडी उचलता उचलता ती थांबली. “पण तू गुलबर्ग्याला जायच्या आधी आठवडाभर, तू निजल्यावर, रातभर चूल पेटती ठेवली होती तिनं. मी म्हटलं, मल्लम्मा, एवढं सरपण कामून जाळायलीस? तर नुसती हसली.”

चन्नय्या अजून राघोबांकडंच आहे. गिटार आता ओसरीत असते, खरखर नाही. चुलीवरची ती दुसरी खुंटी त्यानं उपटलेली नाही. जेवताना तिच्याकडं बघतो, आणि घास हातातच राहतो. अव्वा, तू ती किड्याच्या, ओलीच्या भ्यानं टांगलीस, का मी जाऊ नये म्हणून?