मोकळी साइडकार

तिसऱ्यांदा ती गाडी वर्कशॉपमध्ये आली तेव्हा मी मान वर न करता जॉब कार्डावर ‘जी.सी.यू.’ एवढंच लिहिलं. जी.सी.यू. म्हणजे जनरल चेक-अप. जॉब कार्ड हा गाडीचा केसपेपर असतो. गिऱ्हाईक दुखणं सांगतं, सुपरवायझर ते कार्डावर उतरवतो आणि मेकॅनिक कार्ड बघून हात चालवतो. गाडीचे मालक टिपणीस माझ्यासमोर उभे राहून पाच मिनिटं बोलत होते. त्यातलं कार्डावर आलं ते एवढंच, तीन अक्षरं.

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका गल्लीत मोटरसायकलींची डीलरशिप होती. पुढे शोरूम, मागे वर्कशॉप. मी तिथे सर्व्हिस सुपरवायझर होतो. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून सांगलीहून आलेला, वय सव्वीस, नोकरी प्रोबेशनवर.

टिपणीस केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून आलेले. राहायला डमडमला. त्यांच्या मोटरसायकलला साइडकार होती, म्हणजे डाव्या अंगाला जोडलेली एका चाकाची बैठक. ती हौसेखातर घेतलेली नव्हती. त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई यांना लहानपणी पोलिओ झाला होता. एका पायात लोखंडी कॅलिपर, हातात काठी. श्यामबाजारच्या बाजूला मुलींच्या एका शाळेत त्या गणित शिकवायच्या. त्या वेळच्या बसमध्ये धडधाकट माणूसही दाराला लोंबकळत जाई. बाईंना ते शक्य नव्हतं. टिपणीस त्यांना साइडकारमधून शाळेत सोडत आणि मग ऑफिस गाठत. आमच्याकडेच गाडी घ्यायचं एक कारण मी होतो. वर्कशॉपमध्ये मराठी माणूस आहे म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं होतं.

पहिल्या सर्व्हिसिंगच्या वेळी आम्ही साइडकार सोडवून बाजूला ठेवली आणि काम झाल्यावर परत जोडली. तिथून दुखणं सुरू झालं. गाडी डावीकडे ओढते, ब्रेक लावला की हँडल हातातून जातं, असं टिपणीस सांगायचे. आम्ही गाडी चालवून बघायचो आणि ‘ओके’ लिहून परत द्यायचो. दुसऱ्या खेपेनंतर बेलगाछियाच्या पुलावरून उतरताना त्यांनी ब्रेक लावला आणि गाडी सरळ फूटपाथवर चढली. लागलं कुणालाच नाही. बाईंचा कॅलिपर तेवढा वाकला.

म्हणून तिसऱ्या खेपेला मी स्वतः रोड टेस्ट घेतली. मैदानाच्या कडेने चांगली चार मैल गाडी पळवली. हँडल दोन बोटांनी धरलं तरी गाडी रेषेत. मनात म्हटलं, या गृहस्थांना गाडीच चालवता येत नाही.

तेवढ्यात टिपणिसांनी गाड्या बनवणाऱ्या कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रत आमच्या मॅनेजरच्या, लाहिरीसाहेबांच्या, टेबलावर आली. साहेबांनी मला बोलावून घेतलं. गाडीत खरंच काही आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. मग तसं लिहून दे म्हणाले. मी इंग्रजीत चार ओळींचा रिपोर्ट टाइप केला. गाडी तपासली, दोष आढळला नाही, चालकाला साइडकारची सवय नाही. खाली सही केली. कंपनीने त्याच मजकुराचं पत्र टिपणिसांना धाडलं.

त्या पत्राचा टिपणिसांवर काय परिणाम झाला ते मला नंतर कळलं. त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. भला माणूस. रोज पहाटे ते एकटेच गाडी काढून सराव करायला लागले. एकटे असले की गाडी सुतासारखी सरळ जायची. बाई शेजारी बसल्या की ओढायची. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की बायको शेजारी असली की आपलाच हात कापतो. मग त्यांनी बाईंना बसवायचंच बंद केलं.

बाईंची नोकरी तात्पुरती होती. पुलावरच्या प्रसंगानंतर बऱ्याच गैरहजेऱ्या झाल्या होत्या. हेडमिस्ट्रेसनी स्पष्ट सांगितलं होतं, की दुर्गापूजेच्या सुटीनंतर शाळा उघडेल त्या दिवसापासून रोज वेळेवर याल तर कायम करू, नाहीतर दुसरी बाई बघितलेली आहे. शाळा उघडायला आठ दिवस उरले होते.

अशा वेळी एका दुपारी इंदुमतीबाई टॅक्सी करून एकट्याच वर्कशॉपमध्ये आल्या. गाडी तेव्हा सर्व्हिसिंगसाठी पुन्हा आमच्याकडे आलेली होती. तेलकट फरशीवरून काठी टेकत त्या माझ्या टेबलापाशी पोचल्या. मी खुर्ची पुढे केली, पण त्या बसल्या नाहीत.

“दामले, तुम्ही गाडी चालवून बघितलीत तेव्हा साइडकारमध्ये कोण होतं?”

“कुणी नाही. टेस्ट अशीच घेतात.”

“मग ती तुम्ही माझ्याशिवायची टेस्ट घेतलीत. गाडी माझ्यासाठी आहे. मला बसवा आणि चालवा.”

मी लाहिरीसाहेबांकडे गेलो. गिऱ्हाइकाला टेस्टवर न्यायचं नाही, असा नियम त्यांनी मला ऐकवला आणि ते जेवायला निघून गेले. आमचे हेडमिस्त्री निताईबाबू शेजारी हात पुसत उभे होते. साठीचे, पान खाणारे, हिंदीत अर्धं बंगाली मिसळून बोलणारे. ते म्हणाले, “साहब का लंच पूरा एक घंटा होता है, बाबू.” आणि त्यांनी स्वतः साइडकारचं दार उघडलं.

सॉल्ट लेक तेव्हा नुकतं भराव घालून तयार होत होतं. घरं बोटांवर मोजण्याइतकी, बाकी वाळू, काशाचं गवत आणि सरळ मोकळे रस्ते. मी तिकडे गाडी घातली. पंचवीसचा वेग झाला आणि हँडल हळूहळू डावीकडे जायला लागलं. मी जोर लावून सरळ केलं. पुढे ब्रेक मारला. मागून कुणीतरी ढुशी द्यावी तसा धक्का बसला आणि आम्ही रस्ता सोडून वाळूत घुसलो.

बाईंनी पदर सारखा केला, चष्मा पुसला.

“म्हणजे तुम्हालाही चालवता येत नाही,” त्या म्हणाल्या.

मी खाली उतरून गाडीखाली डोकं घातलं. साइडकार मोटरसायकलला चार ठिकाणी जोडलेली असते. प्रत्येक जोडावर एक डोळा, म्हणजे भोक, आणि त्यातून जाणारा बोल्ट. मागच्या खालच्या जोडात डोळा मोठा असतो. त्यात आधी लोखंडी नळीचा एक छोटा तुकडा बसवतात, त्याला बुश म्हणतात, आणि बुशातून बोल्ट घालतात. बुश नसेल तर बोल्ट त्या भोकात इकडेतिकडे सरकतो. मी बाईंना उतरायला सांगितलं, मग बसायला, मग पुन्हा उतरायला. त्यांना कॅलिपरवर ते किती जड जात होतं हे दिसत होतं, पण त्यांनी तीनदा तसं केलं. त्या उतरल्या की बोल्ट जागेवर. बसल्या की बोल्ट पाव इंच सरकायचा, साइडकार खचायची आणि मोटरसायकल डावीकडे कलायची. बुश नव्हतंच.

मला आठवलं. पहिल्या सर्व्हिसिंगच्या दिवशी एका बड्या गिऱ्हाइकाची गाडी आली म्हणून मी निताईबाबूंना अर्ध्या कामातून उठवलं होतं. साइडकारचा शेवटचा जोड मी आवळला होता. संध्याकाळी सुटे भाग धुवायच्या रॉकेलच्या ट्रेमध्ये नळीचा एक तुकडा उरलेला दिसला. प्रत्येक वर्कशॉपमध्ये उरलेल्या नट-बोल्टचा एक डबा असतो. तो तुकडा मी त्यात टाकला. कुठल्या गाडीचा हे विचारायचं मला सुचलं नाही.

वाळूत बसल्या बसल्या मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्या संपूर्ण प्रकरणात मी नीट वागलो ते एवढ्याच वेळी. मला वाटलं, आता त्या कंपनीला लिहिणार आणि माझी प्रोबेशनवरची नोकरी जाणार. एक पत्र पुरेसं होतं.

“मला तक्रार करायची नाही,” त्या म्हणाल्या. “यांना फक्त सांगा, की गाडी चुकीची होती, ते नव्हते. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मी समजूत घालतेय. तुम्ही लिहिलंय, तुम्हीच सांगा.”

मी कबूल केलं.

वर्कशॉपमध्ये परतल्यावर डबा टेबलावर उपडा केला. बुश सापडलं. निताईबाबूंनी ते बसवलं, बाईंना पुन्हा साइडकारमध्ये बसवून अंगणात गाडी पुढेमागे करून बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “दीदीमोनी ने पकड़ा. डिप्लोमा किसके पास है, बाबू?” तिकडे शाळेतल्या बाईंना दीदीमोनी म्हणतात. मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी टिपणीस गाडी न्यायला आले. लाहिरीसाहेब दोन हातांच्या अंतरावर उभे होते. महिनाअखेरीला माझं कन्फर्मेशन होतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते असं, “थोडी ॲडजस्टमेंट होती, केलीय. आता जरा सावकाश चालवा.”

टिपणिसांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, “माझंच चुकत होतं हो. तुम्ही एवढी मेहनत घेतलीत.” दिवाळी जवळ आली होती. त्यांनी करंज्यांचा डबा आणला होता. तो मी घेतला.

शाळा उघडली, बाई पहिल्या दिवसापासून वेळेवर हजर झाल्या आणि कायम झाल्या. मीही कायम झालो. पुढच्या महिन्यात मी कंपनीला एक सूचना पाठवली, की साइडकारची रोड टेस्ट मोकळी घेऊ नये, बैठकीत माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून घ्यावी. कंपनीने ती सगळ्या डीलरांना कळवली, माझ्या नावासकट. त्या कागदाच्या जोरावर मला पुढे कंपनीतच सर्व्हिस इंजिनिअरची जागा मिळाली. तीस वर्षं मी त्याच धंद्यात राहिलो, पोरांची शिक्षणं केली, घर बांधलं. नव्या मेकॅनिकना शिकवताना ही टेस्ट मला कशी सुचली, ते मी रंगवून सांगायचो. त्या गोष्टीत बाई नसायच्या.

तीन वर्षांनी टिपणिसांची बदली झाली आणि संबंध तुटला. गेल्या वर्षी एका लग्नात त्यांच्या पुतण्याची ओळख झाली, त्याच्याकडून पुण्याचा पत्ता मिळाला. ऐंशी ओलांडल्यावर माणूस काही कामं पुढे ढकलायचं बंद करतो. मी गेलो.

टिपणीस नव्वदीच्या घरात. कानाला यंत्र, बाकी टुणटुणीत. बाई चाकाच्या खुर्चीत, पण नजर तीच. मी चहा यायच्या आत सांगून टाकलं. बुश, डबा, रिपोर्ट, शनिवार, सगळं.

आधी बाईच बोलल्या. “तुम्ही यांना तेव्हा सांगितलं नाहीत?”

“नाही.”

“हे घरी येऊन म्हणाले, दामल्यांनी नीट केलं. मला वाटलं, तुम्ही सांगितलंत.”

टिपणिसांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग त्यांनी विचारलं, “कुठल्या जोडाचं बुश?”

“मागच्या. खालच्या.”

“तरीच. मी तुम्हाला म्हटलं होतं, मागून काहीतरी सरकतं.”

“म्हटलं होतंत. मी कार्डावर लिहिलं नाही.”

त्यांनी हाताने हवेत हँडल धरल्यासारखं केलं आणि ते डावीकडे नेऊन बघितलं. मग बायकोकडे वळले. “म्हणजे पुढची तीन वर्षं मी उगाच वीसने चालवत होतो.”

“वेळेवर पोचायला मला रोज अर्धा तास आधी निघावं लागायचं,” बाई म्हणाल्या. “मी कधी बोलले नाही. पण दामले, तुम्ही आलात हे बरं केलंत. नाहीतर हे अजून नातवाला गाडी हळू चालव म्हणून सांगतात आणि वर स्वतःचं उदाहरण देतात.”

टिपणीस हसले. खूप हसले, यंत्र कानातून निघालं तरी हसत राहिले. मी त्यांचा हात धरला. इतक्या वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. बाईंनी न लिहिलेल्या एका पत्रावर माझा सगळा संसार उभा राहिला, आणि हे सगळं सांगितल्यावरही या दोघांनी मला चहा पाजला.

आता कागदावर राहील असं लिहून ठेवतो. टिपणीस साइडकार उत्तम चालवत होते, दोष माझ्या कामात होता. वजन ठेवून टेस्ट घ्यायची पद्धत इंदुमती टिपणीस यांची आहे. आणि या धंद्यात येणाऱ्यांना एवढंच सांगेन, की ज्याच्यासाठी गाडी घेतली आहे त्याला बसवल्याशिवाय ‘ओके’ लिहू नये. काम संपल्यावर ट्रेमध्ये काही उरलं असेल, तर काम संपलेलं नसतं.