रविवारचा बाजार आणि राजनंदिनी

राजनंदिनी ठवरे आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला आली, त्याला आता चार वर्षं होतील. मूळची वर्ध्याकडची. शहराचा विकास आराखडा करणाऱ्या एका कार्यालयात ती नगर नियोजक आहे. मी आयुष्यभर नकाशे ट्रेस केले, म्हणजे दुसऱ्यांनी काढलेल्या रेषांवरून शाईचं पेन फिरवलं. त्यामुळे नियोजकाबद्दल लिहायला मी योग्य माणूस आहे की नाही, शंकाच आहे. तरी लिहितो.

नियोजनाची चार वर्षांची पदवी, वर दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण, मग नोकरीची परीक्षा. माझ्या बायकोला, सुशीलाबाईंना, याचं कौतुक आहे, पण त्या ते आपल्या पद्धतीने करतात.

"सहा वर्षं शहरं आखायला शिकलीस, आणि चपला अजून जिन्यात?"

"जिन्याचं आरक्षण बदललंय, काकू."

तिचं निम्मं काम पायी असतं. खराडीच्या पुढचं एक गाव नुकतंच शहरात आलं. तिथल्या प्रत्येक जागेवर जाऊन आज तिथे काय आहे ते लिहायचं: घर, दुकान, शेत की मोकळी जमीन. देवळामागच्या मैदानापुढे तिने लिहिलं, 'रिकामी'. मसुदा नकाशात त्या मैदानावर वाहनतळ आला. नकाशा लोकांसमोर ठेवला गेला, हरकती आल्या. त्यात एक तिथल्या भाजीवाल्या सोजरबाईंची होती, एकसष्ट सह्या-अंगठ्यांची.

सुनावणीच्या दिवशी राजनंदिनी घरी आली ती न जेवता आमच्या ओट्यावर बसून राहिली. मग तिने सांगितलं.

"सोजरबाईंनी मला विचारलं, ताई, तुम्ही गावात कवा आलता? म्हटलं, मार्चमध्ये, गुरुवारी. तर म्हणाल्या, मग बरोबर हाय. गुरुवारी तिथं कुत्रं बी नसतंय. रविवारी या आन् पाय ठिवायला जागा घावली तर सांगा."

रविवारी तिथे आठवडे बाजार भरत होता. कित्येक वर्षांपासून.

"साहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पाहणीच्या दिवशी जागा रिकामी होती ना? मग तेवढंच लिहा. हरकत अमान्य. पुढच्या महिन्यात तुमची बढती आहे, आपली चूक आपल्याच सहीने कशाला कळवता?" मग म्हणाली, "काका, त्यात खोटं काहीच नाही. त्याचाच त्रास होतोय."

"आणि बाजार?"

"आराखडा मंजूर झाला की उठेल."

सुशीलाबाईंनी ताट वाढून आणलं.

रविवारी सकाळी ती मला म्हणाली, "टेप धरायला याल?" तिच्या स्कूटरवर मागे बसून मी गेलो. मैदान कुठे संपतं ते दिसत नव्हतं. मेथी, सुकट, खुरपी, प्लास्टिकच्या बादल्या, लहान मुलांचे कपडे. आयटी कंपन्यांतली मुलंमुलीही पिशव्या घेऊन फिरत होती. सोजरबाई भाजीच्या ढिगामागे बसल्या होत्या.

"आलीस व्हय? हे वडील का?"

"घरमालक."

"टेप नीट धरा, म्हातारबा. मेथीवर पाय दिऊ नका." मग तिच्याकडे वळून, "किती शिकलीस गं?"

"सहा वर्षं. बारावीनंतर."

"आन् वार कितव्या वर्षाला शिकवत्यात?"

आजूबाजूचे हसले. सगळ्यात मोठ्यानं राजनंदिनीच हसली. "ते राहिलं होतं, आजी. म्हणून तर आले." मग तिने एकेक विक्रेता मोजला. एकशे त्रेचाळीस.

संध्याकाळी ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे बसली. नकाशात जागेच्या उपयोगाप्रमाणे रंग भरतात, आणि मैदानाला एकच रंग देता येत होता: बाजाराचा किंवा वाहनतळाचा. मी जरा चाचरतच म्हणालो, "आमच्या वेळी एका जागेचे दोन उपयोग असले की आम्ही दोन रंगांचे तिरके पट्टे काढायचो."

"हे आत्ता सांगताय?"

"तू विचारलं नव्हतंस."

तिने पट्टे काढले. रविवारी बाजार, सहा दिवस वाहनतळ. खाली टिपणीचं पहिलं वाक्य लिहून मला वाचून दाखवलं: 'पाहणी गुरुवारी केल्यामुळे रविवारचा आठवडे बाजार माझ्या नोंदीतून सुटला, ही चूक माझी आहे.' सही करताना तिचा हात मुळीच थांबला नाही. मी असतो तर थांबलो असतो.

हरकती ऐकणाऱ्या समितीने तिची शिफारस मान्य केली. बाजार राहिला. बढती मात्र वर्षभर पुढे गेली. शिवाय साहेबांनी तिला आणखी अकरा गावं पुन्हा तपासायला लावली. "तुम्हाला एवढी आवड आहे, तर हिंडा!"

ती हिंडते आहे. गावात शिरली की आधी चहाच्या टपरीवर बाजाराचा वार विचारते, मग कामाला लागते. पाहणीच्या छापील फॉर्मवर तारखेचा रकाना आहे, वाराचा नाही. गेल्या आठवड्यात ती दोनशे फॉर्म घेऊन खाली आली. "काका, तारखेशेजारी एक रेघ मारून द्याल? तुमची सरळ येते."

हात आता थोडा कापतो. पट्टी घट्ट धरून दोनशेच्या दोनशे मारल्या.